निंब उजवीकडे

मे महिन्यात नागपूरला निघालेल्या माणसाला लोक दोनच कारणं विचारतात, लग्न की आजारपण. मी चिपळूणच्या स्टँडवर "चित्रं काढायला चाललोय" असं सांगितलं, तेव्हा आमच्या शाळेतले गणिताचे शिक्षक म्हणाले, "सांभाळून."

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग वहिनी का नाही जात?

माझ्या पत्नीचं, सुमनचं, माहेर जांभुळटोला. नागपूरपासून एस.टी.नं अडीच तास. गावाजवळच्या नदीवर धरण होत आलं होतं. येत्या पावसाळ्यात पाणी अडवणार, जूनच्या आत गाव रिकामं करायचं, असं तिच्या थोरल्या भावाचं, वसंतदादांचं, नागपूरहून पत्र आलं. सहा वर्षांत सुमनचं माहेरी जाणं झालं नव्हतं. पत्राची घडी घालत ती म्हणाली, "एकदा बघून येते."

तेव्हा माझी आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर होती. दोघांपैकी एकानं घरी राहणं भाग होतं. कोणी राहायचं यावर आमच्या घरात चर्चा झाली नाही. मला आईचं करता येत नाही असं मी म्हणालो नाही; मला कोणी विचारलंच नाही. दोन दिवसांनी सुमनच म्हणाली, "मग तुम्ही जा. तुम्हाला काढता तरी येतं."

मला ते योग्य वाटलं. मी चित्रकला शिक्षक. दर मे महिन्यात बोर्ड, कागद आणि रंगांची पेटी घेऊन एकटा बाहेर पडायचो. महाबळेश्वर, हरिहरेश्वर, निम्म्या सह्याद्रीचे किल्ले असं माझं फिरणं झालं होतं. निसर्गचित्रकाराला एकांत लागतो, असं मी सुमनला लग्नानंतरच्या पहिल्याच मेमध्ये समजावलं होतं. तिनं ते पंधरा वर्षं निमूट पाळलं. तिच्या माहेरी मात्र मी एकदाही गेलो नव्हतो. लग्न नागपुरात झालं होतं, आणि तिकडचा प्रदेश सपाट आहे अशी माझी समजूत होती.

निघताना तिनं कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीनं लिहिलेली यादी दिली. घराच्या तीन पायऱ्या, मधली फुटकी. दाराच्या उजवीकडे निंब. आपण ज्याला कडुलिंब म्हणतो त्याला ते लोक निंब म्हणतात. विहीर. तळं, त्याला तिकडे बोडी म्हणतात, आणि काठावरचा धुण्याचा दगड. मारुतीचा पार. शेवटी, जरा बारीक अक्षरात, 'सरूकाकू, जमल्यास.' सरूकाकू म्हणजे तिची चुलती. आई लवकर गेल्यामुळे सुमनला तिनंच वाढवलं होतं. 'जमल्यास' लिहिण्याचं कारण सुमनला माहीत होतं. माझ्या चित्रांत माणूस म्हणजे डोक्याचा एक ठिपका आणि खाली एक फटकारा.

आणखी एक गोष्ट मला कबूल करायला हवी. ऑगस्टमध्ये जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांचं प्रदर्शन होतं. त्यासाठी जपून ठेवलेला एक मोठा हँडमेड कागदही मी बोर्डाखाली घातला होता. सुमनला ते बोललो नव्हतो.

नागपूर

प्रवासाबद्दल लिहीत नाही. तो झाला.

वसंतदादांचं घर धंतोलीत. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, त्यामुळे गल्लीत सकाळपासून खेड्यांतून आलेले नातेवाईक डबे घेऊन बसलेले. दादा सरकारी कचेरीत होते. गडी मोठा गमत्या. दारात पाऊल टाकताच त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात एक कांदा घातला.

"उन्हाची औषधी आहे. काढायचा नाही."

"खोडरबर त्याच खिशात आहे, दादा."

"मग रबरालेही ऊन नाही लागणार."

नागपूरला आलो तर संत्री खावीत म्हणून मी विचारलं. दादांनी बायकोला आत हाक मारली, "ऐकलं काय वं? जवाईबापू मे महिन्यात संत्रं मांगून राहिले." त्यानंतर आठवडाभर त्या घरात माझी ओळख तीच होती. संत्र्याऐवजी संत्राबर्फी मिळाली. सकाळी तर्रीचे पोहे मिळाले. त्या तर्रीनं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दादांना वाटलं की मला त्यांच्या बहिणीची आठवण झाली. मी तसंच वाटू दिलं.

हात मोकळा करायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फुटाळा तलावावर गेलो. चिपळूणला आकाशाचा एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, दिला की आत जाऊन चहा पिऊन यावं, तरी कागद ओलाच असतो. आमच्याकडे जलरंगाची तक्रार एकच, वाळत नाही. इथे ब्रश कागदाच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावं टोक पापडासारखं वाळून गेलं होतं. रंगाला रंग मिळेना. जिथे ब्रश थांबला तिथे गडद कडा उमटली. माझं आकाश नकाशावरच्या तालुक्यांसारखं दिसायला लागलं. भांड्यातलं पाणी कोमट झालं होतं. पंचवीस वर्षं मुलांना 'ओल्यावर ओलं' शिकवणारा मी अकराच्या सुमाराला डोक्यावर दादांचा दुपट्टा गुंडाळून परत आलो.

दादांनी चित्र पाहिलं. "काहून, कागद रंग पिऊन राहिला का?"

"हवाच तशी आहे."

"मग कूलरसमोर बसा न. वाळ्याच्या ताटीतून गार हवा येते. पाहा, कसा ओला राहते."

"पण तलाव तिकडे आहे."

"तुमी काढून काढून डोक्यातलाच काढता न शेवटी," दादा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. मला ते लागलं. वाळ्याच्या पडद्यामागे बसून मी दुपारभर आठवणीतला फुटाळा काढला आणि तो उत्तम उतरला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

जांभुळटोला, पहिला दिवस

एस.टी.तून उतरलो तेव्हा गाव उलगडून ठेवल्यासारखं दिसलं. निम्म्या घरांवर छप्पर नव्हतं. माणसं कवेलू उतरवून बैलगाडीत रचत होती. कवेलू म्हणजे तिकडची हातानं थापलेली कौलं. चौकटी, दारं, तुळया सगळं नव्या वसाहतीत नेण्यासाठी निघालं होतं. राहिल्या होत्या फक्त मातीच्या भिंती. माझ्यातल्या चित्रकाराचा पहिला विचार असा होता, की यात रचना कुठेच नाही. हे मी लपवत नाही.

सरूकाकू दारात उभ्या होत्या, म्हणजे दार होतं त्या जागी. सत्तरीच्या, वाळक्या, आवाज मात्र शेत ओलांडून जाईल असा.

"या जवाई. छत नाही, पन सावली हाय. सुमी नाही आली?"

"आईचं दुखणं आहे. कोणीतरी राहायला हवं."

"हो," काकू म्हणाल्या, "तिलेच राहा लागते." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गावाचा जावई हा साऱ्या गावाचा जावई असतो, हे आमच्याकडेही म्हणतात. इथे ते करतात. ज्यांच्याकडे चूल उरली नव्हती त्यांनीही काही ना काही आणून दिलं. काकूंनी बिनछपराच्या स्वयंपाकघरात डाळीच्या पिठाचे गोळे घालून गोळाभात केला आणि त्यावर हिंगाची फोडणी दिलेलं गरम तेल ओतलं. बरोबर आमरस. मी जेवत असताना समोरच्या घराची शेवटची तुळई उतरत होती, आणि ती उतरवणारे दर दोन मिनिटांनी थांबून विचारत होते, "जवाई, रस घ्या न आनखी."

जेवण झाल्यावर मी निंबाच्या सावलीत बाज टाकून बोर्ड मांडला. यादी समोर ठेवली. भोवती पंधरावीस माणसं जमली. ठिपके आणि फटकारे यांना तोंड असतं, हे मला तिथे कळलं.

"विहीर तिकडं नाही, जरा अलीकडं."

"पायरी सरळ काहून काढली? मधली फुटकी हाय."

"निंबाची एक फांदी वाऱ्यानं पडली मांगच्या साली. ते काढा, का नको?"

"सुमनताईनं पाहेलच नाही ते पडलेली," कोणीतरी म्हणालं. "राहू द्या फांदी."

फांदी राहिली.

कागद वाळतच होता. तेव्हा सुखदेव नावाचा एक चाळिशीचा माणूस खांद्यावर दाराची फळी घेऊन जाताना थांबला. त्यानं थोडा वेळ पाहिलं, फळी खाली ठेवली, विहिरीवर जाऊन एक पोतं भिजवून आणलं आणि माझ्या बोर्डाच्या वाऱ्याच्या बाजूला दोन काठ्यांवर टांगलं. दादांच्या वाळ्याच्या ताटीचा हा गरिबाचा भाऊ. कागद थोडा सावकाश वाळायला लागला. मी आभार मानले.

"मास्तर, हे साऱ्या गावाचं चित्र हाय का?"

"हो."

"आमची वस्ती नाही येत हिकडून. तुमी निंबाखाली बसले. हितून बुद्धविहार नाही दिसत."

मी यादी दाखवली. माझ्या पत्नीनं जे सांगितलं तेच काढतोय, असं काहीसं म्हणालो.

सुखदेवनं यादी वाचली. मग शांतपणे म्हणाला, "तिच्यात कसं असन. त्याहीचं तिकडं येनंच नोहतं. आता पानी मात्र दोन्हीकडं सारखंच येनार हाय." तो फळी उचलून निघाला.

मी बाज चार हात सरकवली. डाव्या कडेला विहाराचं छप्पर आणि त्यावरचा निळा झेंडा येईल एवढीच. सुखदेवनं मागे वळून पाहिलं. काकू दुसरं लुगडं नेसून आल्या आणि मधल्या फुटक्या पायरीवर बसल्या. "मले काढता न? मंग बसतो." मी त्यांना काढलं. गाठोड्यासारख्या आल्या, पण जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं की काकूच आहेत.

संध्याकाळी चित्र पुरं झालं. वाईट होतं. प्रत्येक रंगाला कडा, आकाशाला डाग, मध्ये कुठे श्वास घ्यायला मोकळी जागा नाही. विहीर, पार, दगड, झेंडा, काकू सगळी एका चित्रात रेटारेटी करून उभी. विद्यार्थ्यानं काढलं असतं तर मी दहात चार दिले असते, आणि तेही मेहनतीचे.

काकूंनी ते चित्र हातात घेतलं. मग म्हणाल्या, "जवाई, जवायाजवळ मांगू नाही मानसानं. जवायाले द्याव. पन मांगतो. हे मले द्या. तिकडं टिनाच्या घरात लावतो. सुमीसाठी दुसरं काढा."

जावयाकडे काही मागणं ही तिथे लहान गोष्ट नाही. त्या वयाच्या बाईनं ते सगळ्यांसमोर करावं, हे भोवतीच्या माणसांना अवघड झालं होतं.

मी लगेच दिलं. त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं. आता कबूल करतो, ते चित्र चांगलं उतरलं असतं तर मी दिलं नसतं. मी सहीसुद्धा केली नव्हती.

जांभुळटोला, दुसरा दिवस

सुमनसाठी दुसरं काढायचं होतं. मोठा कागदच उरला होता. दोन्ही कामं एकाच चित्रात होतील असा सोयीचा विचार मी बाजेवर पडल्या पडल्या केला.

पहाटे पाचला उठून बोडीच्या पलीकडच्या काठावर गेलो. पहाटेची हवा गार आणि किंचित ओलसर होती. पहिलाच वॉश कागदावर सरकला आणि ओला राहिला. चित्रकाराच्या आयुष्यात असे दोन तास फार थोडे येतात. आकाश पाण्यात मिसळत गेलं. पलीकडचे मोह आणि पळस आपसूक निळसर झाले. गाव त्या काठाला होतं, पण उघड्या पडक्या भिंतींनी तिथे सगळा गोंधळ केला होता; त्या मी एका धूसर पट्ट्यात विरघळवल्या. निंब उजवीकडे होता, पण उजवीकडे तो जड झाला असता. तो डावीकडे घेतला. काठावरून दोन बैलगाड्या चालल्या होत्या, त्या वगळल्या. तळं रचनेला फार लहान पडत होतं. जलरंगाला पाणी मानवतं. मी तळं वाढवलं.

यात मी काही गैर करतोय असं मला जराही वाटलं नाही. पंचवीस वर्षं मी हेच शिकवत आलो होतो. निसर्ग जसा असतो तसा काढायचा नसतो, निवडायचा असतो.

सात वाजता चित्र पुरं झालं. तोवर मी काढलेलं सगळ्यांत चांगलं चित्र. आजही तेच.

निघताना काकूंनी एक कवेलू दिलं. "माह्या सासऱ्यानं थापलेलं. सुमीले द्या." मी ते पिशवीत घातलं, पण नागपुरात बोर्डाला त्याचा धक्का बसेल म्हणून दादांकडेच ठेवून आलो. चित्र सांभाळायचं होतं.

चिपळूण

सुमननं हात धुऊन, पदराला पुसून चित्र घेतलं आणि खिडकीशी नेलं. मी शेजारी उभा राहिलो. जे लोक माझी चित्रं पाहतात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याची मला सवय आहे.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "कुठलं?"

मला वाटलं ती थट्टा करतेय. "अगं, जांभुळटोला. तुमची बोडी."

ती पुन्हा पाहायला लागली. बोट कागदाला न लावता वरून फिरवलं. "हा पलीकडचा काठ. मग दगड इथे. पार इथे." बोट पाण्यावर थांबलं. "आणि घर इथे हवं."

तिथे पाणी होतं. हलका कोबाल्ट निळा, त्यात आकाशाचं प्रतिबिंब, अतिशय स्वच्छ उतरलेलं.

"तळं जरा मोठं केलं," मी म्हणालो. "रचनेसाठी."

"म्हणजे पाणी यायच्या आधीच तुम्ही आणलंत," सुमन म्हणाली. रागानं नाही. एखादा हिशोब जुळावा तशी. मग तिनं चित्र दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिलं. आतून आईनं हाक मारली होती.

रात्री जेवताना मी तिला पहिल्या चित्राबद्दल सांगितलं. फुटकी पायरी, फांदी, निळा झेंडा, पायरीवरच्या काकू.

"काकू होती त्यात?"

"गाठोड्यासारखी."

"ते कुठे आहे?"

"काकूंना दिलं. त्यांनी मागितलं."

"काकूनं मागितलं? जावयाकडे?" तिनं घास खाली ठेवला. तो पुन्हा उचलताना म्हणाली, "बरं केलंत." कवेलूबद्दल मी तेव्हा सांगितलं नाही. दादांचं पत्र आल्यावर तिला ते कळलं.

ऑगस्टमध्ये मोठं चित्र प्रदर्शनात लागलं. त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं. शीर्षक मी आधीच देऊन ठेवलं होतं, 'शांत जलाशय.' तोवर जांभुळटोल्यात पाणी भरलं होतं, त्यामुळे शीर्षक अचूक ठरलं. चित्र घरी परत आलं तेव्हा सुमननंच ते पुढच्या खोलीत लावलं. पाहुणे थांबून पाहत. "कुठलं हो?" असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "यांना विचारा."

काकूंचं चित्र परत मागवावं असं पत्र मी दादांना लिहायला घेतलं होतं. सुमननं ते वाचलं आणि फाडलं. "तिच्या भिंतीवरचं काढून आणणार? राहू दे. मीच बघून येईन."

पुढच्या मे महिन्यात ती गेली. मी घरी राहिलो. अकरा दिवस. आईची कूस कशी बदलायची, भांडं कसं द्यायचं, तांदूळ किती धुवायचा हे सगळं सुमननं कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलं होतं. तिची ती दुसरी यादी मी पूर्ण पाळली. तीत 'जमल्यास' कुठेच नव्हतं. आई रोज संध्याकाळी विचारायची, "सूनबाई कधी येणार?" आणि मला ते लागायचं नाही, कारण मीही तेच विचारत होतो. त्या अकरा दिवसांत मी ब्रश हातात घेतला नाही. एकांत मात्र भरपूर होता.

या प्रवासाचं वर्णन खरं तर तिनं लिहायला हवं. जांभुळटोल्याची नवी वसाहत, टिनाची घरं आणि त्यांतला उकाडा मी पाहिलेलाच नाही. माझं चित्र पाहायला एवढ्या लांब गेलेली तेवढी एकच व्यक्ती आहे.

ती आली, पिशवीतून कवेलू काढून तिनं खिडकीत ठेवलं, पाणी प्यायली, आईजवळ जाऊन बसली. ती बाहेर आल्यावर मी विचारलं. शिक्षक असूनही माझा आवाज विद्यार्थ्यासारखा झाला होता.

"चित्र कसं वाटलं?"

"आकाश डागाळलंय. कडा फार आल्यात." पंधरा वर्षं माझ्या तोंडून ऐकलेले शब्द ती अगदी योग्य जागी वापरत होती. "डावीकडचा झेंडा मी काकूला विचारला. म्हणाली, सुखदेवला विचार. त्याच्याकडे गेले, चहा घेतला. जुन्या गावात असताना त्या बाजूला मी एकदाही गेले नव्हते."

ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली. दारात थांबली.

"निंब उजवीकडे आहे," ती म्हणाली.